बेड नंबर नऊची सहा स्टुलं

विभागप्रमुख सरांनी सरळ सांगितलं होतं, "काहीतरी लहान घे. वॉर्डातलं ते भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे. त्यात सेल घाल. एक आधीचा फोटो, एक नंतरचा फोटो. झाला प्रकल्प." एवढं ऐकलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता, आणि बेड नंबर नऊच्या आजोबांच्या नावावर सहा स्टुलंही चढली नसती. पण घड्याळात सेल घालणं हे काम डॉक्टर थोडक्यात यांना आपल्या योग्यतेच्या मानानं फारच किरकोळ वाटलं.

थोडक्यात हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. मेडिसिन विभागात तिसऱ्या वर्षाला शिकणारा हा निवासी डॉक्टर रोज सकाळच्या राउंडला रुग्णाची हकिगत सांगायला लागला की सरांच्या तोंडून आपोआप एकच शब्द निघायचा, "थोडक्यात!" माणूस तीन दिवसांच्या तापानं आलेला असायचा आणि हा त्याच्या आत्याच्या दम्यापासून सुरुवात करायचा. ऐकून ऐकून वॉर्डातल्या मावशीसुद्धा विचारायला लागल्या, "थोडक्यात डॉक्टर कुठं गेले?" थोडक्यातला हे लागायचं. पण मनातल्या मनात त्याची खात्री होती की सरांनी आयुष्यात एकही हकिगत पुरती ऐकलेली नाही आणि त्यात नुकसान वैद्यकशास्त्राचं आहे.

या विभागाचा नियम असा, की तीन वर्षांत रुग्ण तपासायचे, ड्युट्या करायच्या, प्रबंध लिहायचा आणि वर एक 'सुधारणा प्रकल्प' करायचा. वॉर्डातली कुठलीही एक गोष्ट सुधारायची, आधी मोजायची, नंतर मोजायची आणि कागदावर सरांची सही घ्यायची. सही नाही तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. बाकीच्यांनी हे काम केव्हाच उरकलं होतं. एकानं काउंटरवरचं पेन दोऱ्यानं बांधून ठेवलं, ते किती दिवस टिकतं याचा आलेख काढला आणि वर शाबासकी मिळवली. थोडक्यातकडे सहा आठवडे उरले होते आणि कागद कोरा होता.

कल्पना सुचली ती घरी. बाबा गुडघा दाखवून आले होते आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाले होते. "उभ्या उभ्या आला, उभ्या उभ्या गेला. मी 'गुडघा' म्हणेपर्यंत तो दारात पोचलासुद्धा!"

"बसला असता तर बरं वाटलं असतं," आई आतून म्हणाली. "आलेला माणूस टेकला नाही, तर तो आलाच नाही असं मी धरते."

थोडक्यातच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. राउंडला डॉक्टरांनी रुग्णाशी बोलताना बसायचं. फक्त दोन मिनिटं. एवढीशी गोष्ट! त्याला त्याच क्षणी आपला प्रकल्प मोठमोठ्या परिषदांतून गाजताना दिसायला लागला. आईला मात्र हातातली पोळी करपताना दिसत होती, म्हणून ती पुढचं ऐकायला थांबली नाही.

पहिला आठवडा मोजमापात गेला. डॉक्टर खाटेशी किती वेळ उभे राहतात हे तो फोनवरच्या घड्याळात मोजायचा आणि नंतर रुग्णाला विचारायचा, "डॉक्टर किती वेळ होते?" खरी वेळ सरासरी चार मिनिटं. रुग्णांची उत्तरं, "एक मिनिट", "अर्धं", "कोण डॉक्टर?" बेड सोळाच्या आजी तर म्हणाल्या, "डॉक्टर आज आलेच नाहीत बाई. एक घड्याळवाला तेवढा येऊन गेला." त्या दिवशी आजींना तपासणारा डॉक्टर आणि घड्याळवाला हे दोन्ही थोडक्यातच होता. त्यानं जड हातानं रकान्यात शून्य लिहिलं.

आता स्टुलं हवी होती. तो अर्ज घेऊन स्टोअरमध्ये गेला. स्टोअरकीपर हा सावकाश वाचणारा माणूस होता. त्यानं अर्ज पुढून वाचला, मागची कोरी बाजूही वाचली, मग विचारलं, "बसणार कोण?"

"डॉक्टर."

"मग हे कर्मचारी फर्निचर. ते प्रशासनाकडे. रुग्णाचा नातेवाईक बसणार असता तर रुग्णसुविधा झाली असती, ती माझ्याकडे."

"बरं, नातेवाईक बसेल असं लिहितो."

"आता मला कळलंय ना कोण बसणार ते," स्टोअरकीपर दुखावल्या सुरात म्हणाला. मग त्यानं एका रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे राहिलं. बसण्याचा अंदाजे कालावधी."

थोडक्यातनं लिहिलं, दोन मिनिटं. स्टोअरकीपरनं चष्मा काढला. "दोन मिनिटांसाठी स्टूल? इतका वेळ तुम्ही माझ्यासमोर उभे आहात, काही झालं का तुम्हाला?"

प्रशासनानं अर्ज खरेदी समितीकडे पाठवला. खरेदी समितीची बैठक झाली नव्हती, कारण बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या रंगवायला गेल्या होत्या. हे वाक्य थोडक्यातनं घरी तीन वेळा सांगितलं, पण कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "घरचं एक ने." आईनं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल दिलं. माळ्यावरचे डबे काढायला ती त्याच्यावर चढायची, त्यामुळे ते देताना तिचा चेहरा पडला होता. "परत आण मात्र," ती म्हणाली.

ही बातमी जिन्यात पोचली आणि इमारतीनं प्रकल्प ताब्यात घेतला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी न्हाणीघरातलं गुलाबी प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं आणि सल्ला दिला की डॉक्टरांपेक्षा रुग्णालाच उभं करावं, रक्त खेळतं राहतं. गाण्याच्या बाईंनी गादीचं स्टूल दिलं, पण त्यावर पाठ ताठ ठेवूनच बसलं पाहिजे, अशी अट घातली. शिंप्यानं एक गोल लोखंडी दिलं. निवृत्त मुख्याध्यापकांनी इतकं उंच स्टूल दिलं की त्यावर बसलेला माणूस रुग्णाची कॉपी पकडायला आलाय असं वाटावं. तळमजल्यावरच्या विमा एजंटांनी घडीचं स्टूल दिलं. ते घडी व्हायचं खरं, फक्त केव्हा व्हायचं हे त्याच्या मर्जीवर होतं. प्रत्येकानं स्टूल देताना बाही वर केली आणि म्हटलं, "आलाच आहेस तर ब्लड प्रेशर बघून टाक." काकूंनी तर स्टुलाच्या बुडाला चिठ्ठीही चिकटवली, 'सप्रेम भेट, दुसरा मजला.'

सहा स्टुलं रिक्षात कोंबून थोडक्यात हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरला. पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"फर्निचर आत जाणार नाही."

"अहो, मी इथला डॉक्टर आहे."

"तुम्ही जा. तुम्हाला कोण अडवतंय?"

पाऊण तास वादावादी झाली. थोडक्यातनं त्याला प्रकल्पाचा हेतू, मोजमापाची पद्धत आणि आईचं वाक्य, सगळं सांगितलं. पहारेकरी ते शांतपणे ऐकत होता, कारण त्याला बसायला खुर्ची होती. शेवटी त्यालाच दया आली. "हे बघा, बाहेरची वस्तू आत जाते ती एकाच वाटेनं. रुग्णाचं सामान म्हणून. रुग्णाचं नाव सांगा, पावती फाडतो."

थोडक्यातच्या डोळ्यासमोर बेड नंबर नऊ आला. तिथले आजोबा एकटेच राहायचे. हृदय थकलेलं, त्यामुळे पायात आणि छातीत पाणी साठायचं, दम लागायचा. चार महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाले होते. बोलायचे नाहीत फारसे. दिवसभर भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत पडायचे. थोडक्यातनं केस पेपरवर नोंदही केली होती, 'रुग्ण वारंवार घड्याळाकडे पाहतो. अस्वस्थता?' आजोबा आले होते ते एक कापडी पिशवी घेऊन. सामानाचा रकाना जवळजवळ रिकामाच होता. थोडक्यात कागद घेऊन वॉर्डात धावला, आजोबांनी काहीही न विचारता सही केली, आणि पावतीवर पिशवीखाली लिहिलं गेलं, 'स्टुलं, नग सहा.'

डॉक्टर लोक एरवी औषधाच्या एका थेंबाचा हिशेब ठेवतात, पण पावतीचं पुढं काय होतं हे त्यांच्यातल्या कुणालाच शिकवलेलं नसतं.

प्रकल्पाचा दुसरा भाग सुरू झाला. पहिल्या दिवशी सहाही स्टुलांवर नातेवाईक बसले आणि डॉक्टर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घडीच्या स्टुलानं एका इंटर्नला जमिनीवर आणलं आणि त्याच्या गुडघ्याला टाके घालावे लागले. तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाची डॉक्टर गाण्याच्या बाईंच्या गादीच्या स्टुलावर बसून बेड सोळाच्या आजींची नाडी बघत होती. आदल्या सकाळपासून ती पायांवर होती. नाडी मोजता मोजता तिची मान आजींच्या खांद्यावर कलली. वॉर्डच्या मुख्य सिस्टर ताडताड चालत आल्या, तर आजींनीच ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, पोरगी दमलीय." आणि अंगावरची चादर ओढून तिच्या पाठीवर घातली. नंतर थोडक्यातनं नियमाप्रमाणं विचारलं, "डॉक्टर किती वेळ होत्या?"

"दोन तास," आजी अभिमानानं म्हणाल्या. "इतकं कुणीच बसलं नव्हतं."

हा आकडा सरासरीत धरावा की काढून टाकावा, यावर थोडक्यातनं एक अख्खी दुपार घालवली.

खरी पंचाईत वेगळीच होती. डॉक्टर बसला की रुग्ण मुळापासून सुरू करायचा. सून, जावई, जागेचा वाद, मग मध्येच कधीतरी पोटातली कळ. दोन तासांचा राउंड चार तासांवर गेला. जेवणाची गाडी आणि राउंड एकमेकांत अडकायला लागले. मावशी म्हणाल्या की फरशी पुसायची म्हणजे आधी सहा स्टुलांची वरात काढावी लागते. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हे फर्निचरचं दुकान आजच्या आज हलवा."

पण हलवणार कसं? ती निघाली रुग्णाची मालमत्ता. रुग्णाच्या सहीशिवाय त्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हा सिस्टरांचा स्वतःचाच नियम. त्या पावती घेऊन नऊ नंबरकडे गेल्या. आजोबांनी पावती वाचली, घडी घालून उशीखाली ठेवली आणि म्हणाले, "असू देत की. चांगली आहेत."

सर एकतीस वर्षांत वॉर्डात कधी बसले नव्हते. मेडिसिन पायांवर उभं राहूनच शिकता येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी थोडक्यातला केबिनमध्ये बोलावलं आणि अर्थातच उभं ठेवलं.

"हा सुधारणा प्रकल्प आहे की बिघाड प्रकल्प?"

"सर, आकडे बघितले तर, म्हणजे मुळात खाटेशी घालवलेला वेळ आणि रुग्णाला वाटणारा वेळ यांच्यातलं जे अंतर..."

"थोडक्यात!"

"चांगलं चाललंय, सर."

"शुक्रवारी परीक्षेचे अर्ज जाणार. शुक्रवारचा राउंड अकराच्या आत संपला तर सही करीन. नाही संपला, तर पुढच्या वर्षी परीक्षा. आणि तोवर घड्याळात सेल घाल."

घरी आईनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं की दोन महिन्यांत हा मोठा डॉक्टर होणार. बाबांनी तर गुडघा तेवढ्यासाठी राखून ठेवला होता. एक वर्ष! एक वर्ष त्या जिन्यातून वर-खाली करायचं आणि प्रत्येक मजल्यावर सांगायचं की परीक्षा एका स्टुलावरून हुकली.

शुक्रवारी त्यानं कंबर कसली. पहाटे येऊन सगळ्या रुग्णांना हात जोडून विनंती केली, "आज जे सांगायचं ते एका वाक्यात." नातेवाईकांना चहाला पिटाळलं. राउंड सुटला तो असा, की सरांनाही धाप लागली. डिस्चार्जवाले रुग्ण नेहमी शेवटी असतात, त्या दिवशी तसे एकटे आजोबाच होते. नऊ नंबरशी सगळी फौज पोचली तेव्हा थोडक्यातच्या फोनमध्ये दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पाणी उतरलेलं, दम नाही, घरी जायचं. एका मिनिटाचं काम! थोडक्यातचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात पहारेकरी पावतीचं पुस्तक घेऊन आत आला.

"नऊ नंबर आज सुटणार ना? सामान जुळवून घ्यायचंय. एक पिशवी, सहा स्टुलं."

सरांनी थोडक्यातकडे पाहिलं. "सहा काय?"

थोडक्यातनं सांगितलं. एरवी ज्याला अर्धा तास लागला असता ते त्यानं भीतीपोटी चार वाक्यांत सांगितलं. सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते आजोबांकडे वळले. "आजोबा, या कागदावर सही करा आणि ही स्टुलं इथून जाऊ द्या."

आजोबांनी उशीखालून पावती काढली. "करतो की. आधी बसा."

"मला वेळ नाही."

"मग राहू द्या. मलाही घाई नाही." आणि ते पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले.

मावशींनी फरशी पुसायची थांबवली. सरांनी इकडं तिकडं पाहिलं. जवळ होतं ते नेमकं काकूंचं गुलाबी स्टूल. एकतीस वर्षांचा अनुभव त्याच्यावर टेकला, आणि सरांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. थोडक्यातनं सवयीनं फोनवरचं बटण दाबलं आणि दाबल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या.

"बोला," सर म्हणाले.

"दर वेळी तुम्ही ती पाण्याची गोळी वाढवता," आजोबा म्हणाले. "पहिल्यांदा एक होती, मग दोन झाल्या, मग तीन. आता चार लिहिल्यात."

"पाणी साठतं म्हणून."

"साठणारच. घरी मी ती घेतच नाही."

फौजेतल्या कुणाच्या तरी हातातलं पेन पडलं. सरांनी मान पुढं काढली. "घेत नाही? का?"

"ती घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. माझं दुकान म्हणजे रस्त्यावरचं एक खोकं. घड्याळं दुरुस्त करतो. लोकांची घड्याळं उघडी पडलेली, एकेक स्क्रू मोहरीएवढा, ते सगळं आवरून कुलूप लावून चौकापर्यंत जायचं आणि यायचं. असं सकाळी पाच वेळा केलं तर घड्याळं कधी करू? म्हणून नाही घेत."

"आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगायला लागलो की तुमचा पाय पुढच्या खाटेकडं वळलेला असतो."

थोडक्यातचे कान तापले. आजोबांची सविस्तर हकिगत त्यानंच लिहिली होती. साडेचार पानं! त्यात आजोबांच्या मावसभावाचा मधुमेह होता, लहानपणचा गोवर होता. गोळी घेता का, हे त्यानं उभ्यानं विचारलं होतं, आजोबांनी मान हलवली होती आणि तो पुढं मावसभावाकडं गेला होता. व्यवसायाच्या रकान्यात त्यानंच लिहिलं होतं, 'किरकोळ.' त्याला आपली लाज वाटली, आणि मघाच्या भीतीपेक्षा ती जास्त खरी होती.

सर मात्र हलले नाहीत. दुकान कधी उघडता, बंद कधी करता, घरी जिने किती, रात्री उशा किती लागतात, असं एकेक विचारत गेले. मध्ये त्यांनी गुलाबी स्टूल थोडं पुढं सरकवलं. आजोबा घड्याळांबद्दल बोलले, गेलेल्या बायकोबद्दल बोलले, मीठ किती घालतात तेही खरं सांगितलं. सर एकदाही 'थोडक्यात' म्हणाले नाहीत.

"दुकान तीनला बंद होतं ना?" सर शेवटी म्हणाले. "मग गोळी तीनला घ्या. घरी बसून काय जायचं तेवढं जा. आणि चार नकोत. पहिली होती तेवढी, एकच. पण रोज. रोज वजन करायचं आणि आठवड्यानं मला दाखवायला यायचं."

"तीनला चालते?"

"चालते. हे आम्हाला चार महिन्यांपूर्वीच सुचायला हवं होतं." सरांनी स्वतःच्या हातानं कागदावर खाडाखोड केली. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःचं लिहिलेलं खोडताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे छताकडं बघत राहिले.

स्टुलांचा निकाल आजोबांनीच लावला. "हे लाकडी या डॉक्टरांच्या आईचं आहे म्हणे, ते त्यांचं त्यांना द्या. बाकीची राहू देत, पण कागदावर माझीच. कुणी उचलायला आलं तर म्हणावं, आधी नऊ नंबरला विचारा."

"पण पावतीवर सहा आहेत," पहारेकरी कासावीस होऊन म्हणाला. सिस्टरांनी त्याच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि ठणठणीत अक्षरात लिहिलं, 'एक नग सोबत. पाच नग तपासणीसाठी राखून ठेवले.' रुग्णाचं रक्त राखून ठेवता येतं तर स्टूल का नाही, असा त्यांचा चेहरा होता. पहारेकऱ्याला हे नियमात बसलेलं दिसलं आणि तो सुखानं निघून गेला.

सर उठले. म्हणजे पहिल्या प्रयत्नात उठले नाहीत, दोन रेसिडेंटांनी हात दिला. मग त्यांनी कोट झटकला, आणि थोडक्यातच्या लक्षात आलं की आता तो प्रश्न येणार. फोनमधलं घड्याळ अजून धावत होतं. सत्तावीस मिनिटं. अकरा केव्हाच वाजून गेले होते. त्याचं वर्ष गेलं होतं. गंमत म्हणजे त्याला तितकं वाईट वाटत नव्हतं. नुसतं जिन्यातून जाताना काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात सुरू झाली होती.

"राउंड संपला," सर म्हणाले. "किती वाजले?"

थोडक्यातनं फोन वर केला. खरा आकडा सांगायचाच, मग वर्ष जावो. पण सर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते भिंतीकडं बघत होते. सेल घालायचा या धांदलीत राहूनच गेला होता, आणि दोन वर्षं बंद पडलेल्या घड्याळाचे काटे नेहमीच्या जागी होते.

"पावणेअकरा," सर म्हणाले. मग आजोबांकडं वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही जाणकार आहात. बरोबर आहे ना हे घड्याळ?"

आजोबांनी डोळे बारीक करून घड्याळ पाहिलं. पंधरा दिवस ते त्याचंच निदान करत पडले होते.

"चाळीस वर्षं हेच काम करतोय," ते म्हणाले. "एक सेकंद मागं-पुढं नाही."

थोडक्यातनं तोंड उघडलं. त्याच्याकडे नोंदी होत्या, घड्याळ नेमकं कोणत्या तारखेला बंद पडलं त्याची मावशींनी दिलेली माहिती होती, आणि मोजमापातला प्रामाणिकपणा या विषयावर किमान वीस मिनिटांचं म्हणणं होतं. सिस्टरांनी त्याच्या पायावर पाय दिला. सरांनी खिशातून पेन काढलं, प्रकल्पाचा कागद आजोबांच्या खाटेवर ठेवला आणि सही करायच्या आधी मान वर केली.

"काही सांगायचंय?"

थोडक्यातनं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा गुलाबी स्टुलाकडं.

"नाही, सर."